फाटा

नवा महागडा फोन बाजारात आला की आठवड्याभरात दोन लेख हमखास छापून येतात. पहिला म्हणतो, यात नवे ते काय? कॅमेरा जरा मोठा, काच जरा पातळ आणि किंमत दीड लाख. दुसरा त्याला उत्तर देतो: आजची चैन ती उद्याची गरज. आज कोणी दीड लाख मोजले नाहीत, तर उद्या पंधरा हजारांत कोणाला काही मिळणार नाही. पहिल्या लेखाला टाळ्या पडतात. दुसऱ्याला माना डोलतात, कारण तो अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाने लिहिल्यासारखा वाटतो. माझे भांडण या दुसऱ्याशी आहे. पहिला लेख उथळ आहे पण निरुपद्रवी. चिडलेल्या गिऱ्हाइकाची कुरकुर, एवढेच. दुसरा उथळ असून खोल असल्याचा आव आणतो.

बाकीची मते एकेका ओळीत निकालात निघतात. यंत्र दिसले की नाक मुरडणाऱ्यांना त्यांच्याच खिशातल्या फोनने केव्हाच उत्तर दिले आहे. आणि परदेशी फोन भारतात जुळवला की तो आपला नवोन्मेष झाला, असे मानणाऱ्यांशी वाद घालण्यात हशील नाही. (‘नवोन्मेष’ हा शब्दच मुळी सरकारी फलकावरून उतरलेला. बोलताना आपण ‘काहीतरी नवीन काढलंय’ म्हणतो आणि त्या ‘काढलंय’ला कोणाच्या तरी घामाचा वास असतो.)

तर चैन आणि गरज. अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिक हायेक यांनी १९६०च्या ‘द कॉन्स्टिट्यूशन ऑफ लिबर्टी’मध्ये हे मत नीट मांडले आहे: श्रीमंत लोक नव्या वस्तूंचे पहिले प्रयोगकर्ते असतात, त्यांच्या खर्चाने मागून येणाऱ्यांची वाट स्वस्त होते. आपल्याकडे या मताचा लाडका पुरावा म्हणजे मोबाइल. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन लावला. त्या दिवसांत गर्दीच्या वेळी मिनिटाला सोळा-सतरा रुपये पडत आणि आलेल्या फोनचेही पैसे लागत. आज कर्जत तालुक्यातल्या डोंगरावरच्या वाडीतही फोन आहे. म्हणजे झिरपले की नाही?

नाही झिरपले. एक गोष्ट आधी घडली म्हणून दुसरी तिच्यामुळे घडली असे होत नाही. १९९५ पासून चार वर्षे श्रीमंतांनी भरपूर पैसे मोजले आणि तरीही कंपन्या परवाना शुल्काखाली दबून गेल्या होत्या. १९९९च्या दूरसंचार धोरणाने ठोक शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायचे ठरवले, मे २००३ मध्ये आलेला फोन फुकट झाला, स्पर्धा पेटली आणि मग दर कोसळले. ही कामे फायलींवर झाली, दुकानाच्या काउंटरवर नव्हे. हातातले यंत्रही वरून खाली आलेले नाही. २००३चा नोकिया ११०० हा कुठल्या महागड्या फोनचा गरीब भाऊ नव्हता. धूळ शिरू नये असा कीपॅड, ओल्या हातातून निसटू नये अशी कड, डोक्यावर टॉर्च: विजेचा भरवसा नसलेल्या माणसाला समोर ठेवून तो मुद्दाम वेगळा घडवलेला होता. जगभर पंचवीस कोटींच्या आसपास खपला. श्रीमंतांचे फोन त्या सुमारास कॅमेऱ्याच्या मागे लागले होते.

आणि जे झिरपलेच नाही त्याचे काय? कॉन्कॉर्ड विमानासाठी १९७६ ते २००३, सत्तावीस वर्षे, श्रीमंतांनी इमानेइतबारे पैसे मोजले. तिकीट कधी उतरले नाही. शेवटी विमानेच उतरली, ती संग्रहालयांत. झिरपण्याचे पुरावे गोळा करणारे लोक विहिरीला पाणी लागले तेवढीच गावे मोजतात.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. महागड्या फोनच्या गिऱ्हाइकाच्या पैशातून चिप सुधारते, कॅमेऱ्याचा सेन्सर सुधारतो आणि तीन-चार वर्षांनी तेच स्वस्त फोनमध्ये येते. हे खरे आहे आणि वाईटही नाही. पण येते काय, तर होती तीच वस्तू, जरा सरस होऊन. सरस आणि नवे यांत फरक आहे, आणि तो किमतीने ठरत नाही.

‘झिरपणे’ हा शब्द सहज वापरणाऱ्यांना एकदा आमच्या कर्जत-खालापूरला आणावे. वरून खाली येणाऱ्या गोष्टींचा इथे शंभराहून जास्त वर्षांचा अनुभव आहे. भीमेच्या खोऱ्यातले, पूर्वेकडे वाहायचे पाणी घाटमाथ्यावर अडवले आणि पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून लोखंडी नळांतून खोपोलीच्या वीजघरात आणून टाकले, ते १९१५ मध्ये. भिवपुरीचे वीजघर १९२२चे. त्या काळच्या मुंबईला याहून महाग आणि याहून आधुनिक काही ठाऊक नव्हते. वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना, आमच्या डोक्यावरून. हे अक्षरशः घ्यावे: मनोरे आमच्या शेतांत, तारा आमच्या झाडांवर आणि खालच्या वाड्यांत पुढची कित्येक वर्षे रॉकेलची चिमणी. त्या तारेतून वाडीला दिव्यापुरती वीज घ्यावी अशी काही सोयच नव्हती. १९४२च्या अखेरीस माथेरानचे स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल यांच्या ‘आझाद दस्ता’ या तुकडीने हे मनोरे पाडले. ते इंग्रज सरकारची कोंडी करण्यासाठी पाडले आणि २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर कोतवालांनी त्याची किंमत प्राणांनी दिली. त्यांना माझ्या मुद्द्याला जुंपण्याचा मला अधिकार नाही. एवढेच नोंदवतो की त्या तारेशी इथल्या माणसाला करता येण्यासारखी ती एकच गोष्ट होती.

पाण्याचे मात्र वेगळे झाले. टर्बाइन फिरवून झाले की ते पाणी वीज कंपनीच्या लेखी संपलेले. खोपोलीखाली ते पाताळगंगेत सुटते, भिवपुरीखाली उल्हास नदीकडे. त्या सुटलेल्या पाण्यावर राजनाला कालवा निघाला आणि जिथे दिवाळीनंतर खाचरे ओस पडायची तिथे उन्हाळी भात उभा राहिला. ‘मग हेच तर झिरपणे!’ असे कोणी म्हणेल. नव्हे. नुसत्या उतारावर सोडले असते तर पाणी मुकाट खाडीला जाऊन मिळाले असते. कालवा कोणीतरी आखला, खणला. पाण्याच्या पाळीवरून भांडणे झाली, अजून होतात. गाळ निघाला नाही त्या वर्षी टोकाचे गाव कोरडे राहते. पाणी शेतात शिरले, कारण त्याला फाटा फोडता आला. तारेला फोडता येत नव्हता.

‘फाटे फोडणे’ ही आपल्याकडे वाईट खोड समजतात. सरळ चाललेल्या विषयाला उगाच वाकडे वळण लावणे. मला मात्र तंत्राची खरी परीक्षा तीच वाटते. करणाऱ्याला विचारल्याशिवाय, त्याच्या ध्यानीमनी नसलेल्या दिशेला, ज्याला फाटा फोडता येतो ते नवे. ज्याला फोडता येत नाही ते फार तर सरस. त्या साध्या फोनला लोकांनी मिस्ड कॉलचा फाटा फोडला: एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे स्टेशनावर या. हे कुठल्या प्रयोगशाळेत सुचलेले नाही. कंपन्यांचा त्यात तोटाच होता.

२००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूरच्या शेतांमधून जातो. उत्तम रस्ता, पुण्याला जाताना मीही तोच धरतो. पण जुन्या रस्त्याला चौक फाटा आहे, आणि फाट्यावर टपरी, टपरीमागे गॅरेज, गॅरेजमागे गाव. द्रुतगती मार्गाला फाटे नाहीत, नसावेत म्हणूनच तो बांधला. कडेच्या गावातला माणूस त्याच्याखालच्या मोरीतून दुचाकी काढतो. पुणे जवळ आले, पलीकडचे शेत लांब गेले. माझ्या अर्थाने हा रस्ता सरस आहे, नवा नाही. विधान जरा ताणलेले आहे, पण मागे घ्यावेसे वाटत नाही.

आता नवे कशाला म्हणतो ते सांगतो. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची एक पद्धत बसवली, सगुणा राइस टेक्निक. लोकांच्या तोंडी एसआरटी. आमच्याकडे भात म्हणजे उन्हाळ्यात राब भाजायचा, पाऊस पडला की रोपे वाढवायची, मग गुडघाभर पाण्यात चिखलणी आणि दिवसदिवस वाकून आवणी. एसआरटीत चिखलणी नाही, आवणी नाही. गादीवाफे एकदाच करायचे, पुन्हा नांगर घालायचा नाही, कापलेल्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू द्यायची. यातले मुख्य अवजार म्हणजे लोखंडी साचा: सळयांची चौकट, खाली खुंट्या, वर धरायला दांडा. वाफ्यावर ठेवून दाबला की ठरल्या अंतरावर भोके पडतात. भोकात तीन-चार दाणे टाकायचे, माती सारायची, की पुढचा वाफा. साचा एकदा पाहिला की कोणाही वेल्डरला दुसरा करता येतो. भात निघाल्यावर त्याच वाफ्यावर कोणी वाल घेतो, कोणी हरभरा. विदर्भ-मराठवाड्यात ही पद्धत कापसाला आणि सोयाबीनला लावली गेली. या पद्धतीत तणनाशक वापरतात, त्यावर आक्षेप आहेत आणि मला ते वाजवी वाटतात. पण पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या कमरेवर चाललेले काम ज्या चौकटीने टळते, तिला नवे म्हणायचे नाही, आणि स्क्रीनला घडी पडते म्हणून तिला म्हणायचे? भारतात पहिला घडीच्या स्क्रीनचा फोन २०१९ मध्ये १,६४,९९९ रुपयांना आला. ती घडी म्हणजे कारागिरीचा चमत्कार आहे, यात शंका नाही. पण तिचे करायचे काय, हे बनवणाऱ्याने आधीच ठरवून दिले आहे: उघडा आणि मिटा.

या कसोटीला सर्वांत अडचणीचा आहे तो आयफोनच, आणि त्याला टाळणे बरे दिसणार नाही. २००७ मध्ये तो महाग होता, तरी त्याने सगळ्या फोनांचे रूप पालटले. खरे आहे. पण पहिले वर्षभर बाहेरच्या कोणाला त्यावर आपले ॲप टाकायची अधिकृत मुभा नव्हती. जुलै २००८ मध्ये पाचशे ॲप घेऊन ॲप स्टोअर उघडले, तेव्हा कुठे या यंत्राचे करायचे काय हा प्रश्न बनवणाऱ्याच्या हातून सुटला. अर्थात फाटा फुटला तो टोलनाका बसवूनच: विक्रीतले तीस टक्के कंपनीचे. खालापूरच्या नाक्यावर रांगेत उभे राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

माझे पाऊल खरे अडखळते ते माथेरानला. तिथे मोटारीला बंदी, त्यामुळे माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा विसाव्या शतकातून एकविसाव्यात तशीच आली. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. ई-रिक्षा दिल्लीत इतकी मुरलेली की कोणी वळून बघत नाही. तिला फाटा फोडण्यासारखेही काही नाही. आहे तशी चालवायची. तरी मोटारी थांबतात त्या दस्तुरी नाक्यावरून चढ ओढत नेणाऱ्याला ती सरस आहे, नवी नाही, असे मी सांगू लागलो तर तो मला कडेला उतरवून देईल, आणि बरोबर करील. मी मनाशी असा तोडगा काढला आहे की प्रश्न रिक्षाचा नसून ती कोणाच्या नावावर आहे याचा आहे. ओढणाऱ्याच्याच नावावर असेल तर फाटा फुटला. दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याने दांडा सोडून फक्त हँडल धरले. तोडगा पूर्ण पटलेला नाही.

हे सगळे डोक्यात घोळत असतानाच माझा फोन पडला. जगाच्या मानाने महाग नव्हे, माझ्या मानाने महाग. नाव घेत नाही. कर्जत स्टेशनाजवळच्या दुरुस्तीवाल्या मुलाने तो उलटासुलटा केला, हीट गनने पाठ तापवली, प्लास्टिकची एक तिकोनी चकती कडेत सरकवली आणि थांबला. ‘‘काका, उघडेल. पण मग बसणार नाही.’’ पाठ गोंदाने चिकटवलेली, बॅटरी गोंदाने, काच आणि स्क्रीन एकजीव. कंपनीच्या केंद्रात सांगितलेला खर्च नव्या फोनच्या निम्मा. लेखाला पुरावा आयता चालून आला म्हणून मी मनातून जरा खूशच झालो.

‘‘पार्टसाठी देता का?’’ त्याने विचारले. चारशे रुपये म्हणाला. मी दिला. त्याने काउंटरखालून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत पंधरा-वीस फोन, सगळे न उघडणारे, सगळे उघडलेले. चिमट्याने त्यातला एक बारकासा स्पीकर उजेडात धरून तो म्हणाला, ‘‘हा दुसऱ्याच कंपनीच्या फोनला बसतो. कडा थोड्या घासाव्या लागतात.’’