सूज आणि तिचे नाव

अंडकोषाची सूज हे लक्षण आहे. कोषात पाणी साठो, आतडे उतरो, वृषणाला पीळ पडो, गालगुंडांचा दाह तिथवर पोचो की गाठ वाढो, रुग्ण सांगतो ते एवढेच: ‘खाली सूज आलीय.’ या वाक्यापुढे रोगाचे नाव नेमके कधी लिहावे, यात ‘ठाऊक आहे’ असे केव्हा म्हणावे हा ज्ञानशास्त्राचा जुना प्रश्न दडलेला आहे.

न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांत संशय तिसरा, तर निर्णय नववा. निर्णयाची वाट संशयातूनच जाते, हे त्या क्रमातच मान्य झालेले आहे. आयुर्वेदात सुश्रुताने वृद्धिरोगाचे, म्हणजे अंडकोषाच्या सुजेचे, सात प्रकार केले. पाणी साठलेली मूत्रवृद्धी आणि अंतर्गळाची आंत्रवृद्धी त्याने वेगळी धरली. चरकाने तर बजावले, की विकाराचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये. सगळ्याच विकारांना ठरलेली नावे नसतात.

आज नावासोबत संकेतांक लागतो. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत हायड्रोसीलला एन ४३, पिळाला एन ४४, दाहाला एन ४५, वृषणाच्या कर्करोगाला सी ६२. अमेरिकेतल्या नियमानुसार बाह्यरुग्णाच्या कागदावर ‘शंका’ किंवा ‘संभाव्य’ असे लिहिलेल्या रोगाचा संकेतांक देत नाहीत. तिथे सुजेचाच, एन ५०.८९, द्यायचा. दाखल रुग्णाला घरी सोडताना मात्र तीच शंका रोग असल्यासारखी नोंदवतात. हिशेबाला ते सोयीचे असेल, पण संशयाला निर्णयाचे कपडे चढवणे रुग्णावर अन्याय करणारे आहे. तो कागद पुढे त्याच्या मागेमागे फिरतो.

खरा आधार वर्णनाचाच. अंधाऱ्या खोलीत अंडकोषाला टॉर्च लावला, तर पाण्यातून लालसर उजेड पार दिसतो. भरीव गाठ काळी राहते. पण तान्ह्या मुलाच्या अंतर्गळातूनही उजेड जाऊ शकतो, आणि गाठीभोवतीही पाणी साठते. म्हणून ‘उजवीकडे, तीन आठवडे, दुखत नाही, प्रकाश पार जातो, वृषण हाताला लागत नाही’ अशी नोंद घाईने लिहिलेल्या ‘हायड्रोसील’पेक्षा अधिक सांगते. ती वाचणारा पुढचा डॉक्टर सोनोग्राफी करून घेतोच.

पीळ पडला असेल तर एवढी सवड नसते. साधारण सहा तासांनंतर वृषण वाचण्याची आशा झपाट्याने घटते; दाट संशयावरच शस्त्रक्रिया करावी लागते. निदान मग पीळ डोळ्यांनी पाहिल्यावर लिहिले जाते.