पात्र कोण आणि परीक्षा कोणाची?

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत, हे वाचकांस सुपरिचितच आहे. देश, काल व पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न धरता, देणे हे आपले कर्तव्य आहे अशा बुद्धीने जे दिले जाते ते सात्त्विक. परंतु तामस दानाचे जे लक्षण तेथे सांगितले आहे, त्याच्या उत्तरार्धाकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. अपात्री दिलेले दान जसे तामस, तसेच सत्काराविना व अवज्ञेने दिलेले दानही तामसच होय. म्हणजे दात्यावर एकाच वेळी दोन जबाबदाऱ्या येतात : पात्र पाहावे, आणि घेणाऱ्याची अवज्ञा होऊ देऊ नये. वरवर पाहता या दोन आज्ञा एकमेकींच्या आड येतात. ज्याची परीक्षा करावयाची त्याचा सत्कार कसा करावा? आणि ज्याचा सत्कार करावयाचा त्याच्याकडे हिशेब कोणत्या तोंडाने मागावा?

हा प्रश्न प्रस्तुत लेखकास टीकाग्रंथ वाचताना पडला नाही. तो एका शिलाईयंत्रापुढे उभा असताना पडला.

नागपुरातील एका सेवाभावी संस्थेस मी कित्येक वर्षे ठराविक रक्कम देत असे. खेड्यापाड्यांतील विधवा व परित्यक्ता भगिनींस शिलाईयंत्रे द्यावीत, असा त्या संस्थेचा उपक्रम होता. पावती वेळेवर येई, आयकरातील सवलतीचा दाखला येई, दिवाळीच्या सुमारास वार्षिक अहवाल येई आणि त्यात नव्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या भगिनींची छायाचित्रे असत. पुढे एका विवाहानिमित्त काटोल तालुक्यातील एका खेड्यात जाण्याचा योग आला. त्या गावी पाच यंत्रे दिल्याचे अहवालात वाचलेले स्मरले, म्हणून सहज चौकशी केली. दोन यंत्रे विकली गेली होती. दोन घराच्या कोपऱ्यात गोधडीखाली होती. एक मात्र चालू होते; पण त्या बाईंचे माहेर शिंप्याचे, त्यांना ती विद्या आधीपासूनच अवगत होती. गोधडी बाजूस सारून यंत्र दाखविणाऱ्या बाई म्हणाल्या, "भाऊ, गावात शिवाले टाकते कोन? सारे बजारातून तयारच आनतात."

संस्थेत कोणी पैसा खाल्ला होता काय? मुळीच नाही. पाच यंत्रे खरेदी झाली, पाच पोहोचली, हिशेबात एका पैचीही चूक नव्हती. परत आल्यावर मी ही हकीकत चिटणीसांच्या कानी घातली तेव्हा ते दुखावले गेले. ते म्हणाले, "दान दिले की आपला हात सुटला. पुढे जाऊन मोजमाप करणे म्हणजे त्या भगिनींवर अविश्वास दाखविणे आहे." त्यांच्या बोलण्यात कपट नव्हते. मला मात्र टोचत होते ते निराळेच. छायाचित्र पाहून मी दरवर्षी तृप्त होत आलो होतो. माझ्या द्रव्याचे फळ त्या बाईंच्या घरी न पोहोचता माझ्याच समाधानात जिरले होते. राजस दान म्हणतात ते याहून निराळे काय असणार?

चिटणीसांचे म्हणणे हा पूर्वपक्ष आहे आणि तो हलका नाही. दारी आलेल्या क्षुधार्तास त्याचे कुलशील, त्याच्या गरजेचा पुरावा विचारीत बसणे हे निंद्यच होय. परंतु या युक्तिवादात दोन भिन्न व्यक्ती एक मानल्या गेल्या आहेत. पूर्वी दाता व याचक समोरासमोर उभे असत. आज त्या दोहोंच्या मध्ये संस्था आली आहे. द्रव्य स्वीकारणारा एक आणि ज्याच्यासाठी ते स्वीकारले जाते तो दुसरा, तोही बहुधा दृष्टीआड असलेला. भुकेल्याची परीक्षा घेणे ही अवज्ञा खरी. तथापि भुकेल्याच्या नावाने जो हात पुढे होतो, त्याची परीक्षा न घेणे ही त्या भुकेल्याचीच अवज्ञा होते. सत्कार अंतिम घेणाऱ्याचा करावा, परीक्षा मधल्याची करावी. असे म्हटले म्हणजे गीतेतील दोन आज्ञांत विरोध उरत नाही.

येथे शंका येते की चौकशी केल्याने श्रद्धेस बाध येईल. आपल्याच परंपरेतील उदाहरण पाहावे. म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले ते घरी बसून नव्हे. ज्यांनी लीळा प्रत्यक्ष पाहिल्या, त्यांच्याकडे स्वतः जाऊन त्यांनी विचारणा केली आणि मिळालेले नागदेवाचार्यांपुढे ठेवले. ती श्रद्धेची उणीव होती असे कोण म्हणेल? ज्या गोष्टीस आपण फार मोल देतो तिचीच अशी खातरजमा करावीशी वाटते.

आता ही परीक्षा करावी कोणी? शासनाची व्यवस्था आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार आपल्या राज्यातील न्यासांस नोंदणी करावी लागते, हिशेब ठेवून ते तपासून घ्यावे लागतात, विश्वस्त बदलल्यास कळवावे लागते. धर्मादाय सहआयुक्तांचे कार्यालय नागपुरातही आहे. हे सर्व आवश्यक आहे. परंतु या तपासणीने कळते ते इतकेच की द्रव्य योग्य मार्गाने खर्च झाले. त्या खर्चाने कोणाचे काय भले झाले, हा प्रश्न लेखापरीक्षकाच्या कक्षेबाहेरचा आहे. काटोलची पाचही यंत्रे त्या चाळणीतून निर्वेध पार पडली असती, आणि पडलीही. मोठ्या कंपन्यांस नफ्याचा काही भाग समाजकार्यास देणे २०१३ च्या कंपनी कायद्याने बंधनकारक केले. २०२१ पासून त्यांतील ज्यांचे हे दायित्व सरासरी १० कोटी रुपये वा अधिक आहे, त्यांना १ कोटी व त्यावरील प्रकल्पांच्या परिणामांचे मूल्यमापन स्वतंत्र यंत्रणेकडून करून घ्यावे लागते. पाऊल योग्य दिशेने पडले. मात्र त्या यंत्रणेची नेमणूक कंपनीच करते आणि मेहनतानाही कंपनीच देते, हे ध्यानात ठेवावे.

परिणाम म्हणजे काय आणि तो कसा पाहावा, याचा वस्तुपाठ विदर्भातच घडला आहे. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. खेड्यांत नवजात बालके मोठ्या संख्येने दगावत होती. गावातीलच स्त्रियांस आरोग्यदूत म्हणून शिकवून, त्यांनी घरोघरी जाऊन बालकांची काळजी घ्यावी, न्यूमोनिया व जंतुदोष ओळखून उपचार करावेत, अशी योजना आखली गेली. येथवर ही सत्प्रवृत्त संस्थेची नेहमीची कथा आहे. पुढचे पाऊल मात्र विरळा. ३९ गावांत हे काम चालले आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. दोन्हीकडील जन्म व मृत्यू वर्षानुवर्षे नोंदविले गेले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते सर्व जगापुढे तपासणीस ठेवले गेले. २०११ साली केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धती देशभर स्वीकारली. तुलनेची गावे नसती तर? काळानुसार रस्ते होतात, दवाखाने येतात, मृत्यू आपोआपही काही कमी होतात. ते सारे श्रेय संस्थेने अजाणता आपल्या पदरी बांधून घेतले असते.

दात्यांची एक सवय येथे सांगणे प्राप्त आहे. "आमच्या रुपयातील किती पैसे कार्यालयावर खर्च होतात?" हाच प्रश्न ते प्रथम विचारतात, आणि ज्या संस्थेचा तो खर्च अत्यल्प तिला साधुत्व बहाल करतात. गडचिरोलीतील प्रत्येक जन्माची व मृत्यूची नोंद ठेवण्यास माणसे लागली, त्यांस वेतन लागले. तो खर्च वाचविला असता तर ताळेबंद अधिक सोज्ज्वळ दिसला असता आणि कोणास काहीच कळले नसते. यंत्रे वाटणाऱ्या आमच्या संस्थेचा कार्यालयीन खर्च नगण्य होता. नंतर फिरून पाहणारा माणूसच तिने ठेवला नव्हता.

अमेरिकेत २००७ साली दोन तरुणांनी ‘गिव्हवेल’ नावाची संस्था काढली. आपली देणगी कोठे द्यावी असा प्रश्न त्यांना पडला, संस्थांस पत्रे धाडली, समाधानकारक उत्तरे आली नाहीत, म्हणून दात्यांच्या वतीने परीक्षण करणे हेच त्यांनी कार्य मानले. परीक्षित संस्थांकडून ते शुल्क घेत नाहीत. शेकडोंतून मोजक्याच संस्थांची शिफारस करतात. मला उद्बोधक वाटली ती निराळी गोष्ट. आरंभकाळीच एका संस्थापकाने परक्या नावाने लेखन करून स्वतःच्याच संस्थेची भलावण केली. ते उघडकीस येताच संचालक मंडळाने त्याला दंड केला व प्रमुखपदावरून दूर केले. आपल्या चुकांची यादी ती संस्था आजही स्वतःच प्रसिद्ध करते. परीक्षकालाही परीक्षक लागतो.

अशा परीक्षणाची मर्यादाही आहे. किती द्रव्यात किती प्राण वाचले, या मापाने वरोऱ्याचे आनंदवन मोजू गेल्यास काय हाती येईल? १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापिली. कुष्ठरोग्यास भिक्षेऐवजी श्रम व मान मिळावा हा तिचा हेतू. मान कोणत्या रकान्यात लिहावा? नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली सुरू केलेल्या मातृसेवा संघात प्रसूती किती झाल्या हे मोजता येईल. निराधार स्त्रीस तेथे काय लाभले ते संख्येत उतरणार नाही. परंतु संख्येत न उतरणारे विचारता येत नाही असे थोडेच आहे? ज्याला मिळाले त्यालाच विचारावे, आणि विचारणारा संस्थेचा नोकर नसावा, म्हणजे त्याला मोकळेपणाने बोलता येईल. काटोलकडच्या त्या बाईंना तोवर कोणी विचारलेच नव्हते. मला उत्तर द्यायला त्यांना क्षणही लागला नाही.

दोन वर्षे मी त्या संस्थेस काही दिले नाही. तिसऱ्या वर्षी अहवाल आला. त्यात छायाचित्रे कमी होती आणि शेवटी एक यादी होती : गावाचे नाव, यंत्रांची संख्या, चालू किती, बंद किती, बंद असल्यास कारण. बंद यंत्रांचा आकडा मोठा होता. खाली चिटणीसांची एक ओळ होती, की ही पाहणी एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केली असून नवीन यंत्रे देणे तूर्त थांबविले आहे. त्याच आठवड्यात मी माझी देणगी पाठवून दिली.