शंभर ठिपके

तंजावरातली दुपार. मामांच्या स्वयंपाकघरात डिकाशन थेंबथेंब उतरत होतं आणि मी लॅपटॉपसमोर गाल फुगवून बसले होते.

"आज कुठलं औषध विकतेयस?"

"विकत नाही हो मामा. डॉक्टरांच्या परिषदेसाठी स्लाइड्स करते."

त्यांच्याकडे स्क्रीन वळवली. रक्तदाबाच्या गोळीविना पाच वर्षांत शंभरातल्या 2 जणांना झटका येतो, गोळीनं 1 जणाला. कंपनीला हवंय ‘धोका 50 टक्क्यांनी कमी’, अर्धी स्लाइड भरेल एवढं. शंभरातला एक तळाशी, मुंगीएवढा.

"यात खोटं काय?"

"काहीच नाही. तीच पंचाईत. औषधांच्या प्रचाराची 2024ची संहिता आहे, ‘सुरक्षित’ हा शब्दसुद्धा खुलाशाविना वापरता येत नाही. शब्द तपासायला माणसं आहेत. डोळा आधी कुठे जाईल, ते मी ठरवते."

मामांचं आयुष्य मोडी वाचण्यात गेलं. कुठलीही गोष्ट राजवाड्यापाशी पोचतेच. "तंजावरचे सरफोजी महाराज मोतीबिंदू काढायचे. रोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं अजून सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. काढणारा चितारी तुझाच धंदेवाला."

"आणि त्याचा पगार राजाकडून. राजाच वैद्य! शस्त्रक्रिया फसलेल्या डोळ्याचं चित्र काढायला चिताऱ्याचा हात धजला असता?"

हे त्यांना लागलं. कॉफी आली, तरी बोलेनात. मग म्हणाले, "महाराज नुसत्या चित्रावर थांबले नाहीत. कुणाला काय झालं, काय उपाय केला, त्याच्या नोंदीही ठेवल्या."

"तळटीपच की ती."

"तुझ्या तळटिपेसारखी लपवलेली नव्हे. बरं, शंभरातला एक मोठा लिही, सुटलीस."

"कशी सुटते? ‘शंभरात एकच’ वाचून डॉक्टर गोळी लिहायची सोडतील. एक कोटी लोकांत तोच एक म्हणजे एक लाख माणसं. उलटंही होतं. 1995 साली ब्रिटनमध्ये इशारा निघाला, काही नव्या संततिनियमन गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट. दुप्पट म्हणजे 7,000 बायकांत एकीऐवजी दोघी. पण घाबरून कितीजणींनी गोळ्या सोडल्या, पुढच्या वर्षी गर्भपात हजारोंनी वाढले."

"मग दोन्ही आकडे सारख्या अक्षरात."

"मागच्या खेपेला तसंच केलं होतं. ‘जोर नाही’ म्हणून परत आलं."

तरी केलं. आकड्यांखाली शंभर ठिपके मांडले: 98 राखाडी, ज्यांना गोळीविनाही काही झालं नसतं, एक हिरवा, वाचलेला, एक लाल, गोळी घेऊनही झटका आलेला.

मामांनी चष्मा पुसला. रक्तदाबाची गोळी तेही रोज घेतात. बराच वेळ ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिले.

"त्या चित्रांत ज्याचा डोळा त्याचाच होता," ते म्हणाले. "यातला मी कुठला गं?"

मी माउस हातात घेतला, आणि तसाच धरून राहिले.