टॅली हो, काकू आणि अकरा मालक

गेल्या मे महिन्यात आमच्या कोकणातल्या घराचं आढं खचलं. वाळवीनं ते आतून पोखरलं होतं. सुतार म्हणाला, "आढं बदलायचं तर निम्मे वासेही बदलावे लागतील. दोन खांबांचाही भरवसा नाही." मी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकले. पुण्याच्या दादानं लगेच लिहिलं, "आढं नवं, वासे नवे, खांब नवे. मग त्यात आजोबांचं काय उरलं? त्यापेक्षा पाडू आणि जागा विकू." घराच्या उताऱ्यावर अकरा नावं आहेत. त्यांतल्या सात जणांनी दादाच्या मेसेजवर अंगठा टाकला.

मला दादाचा राग आला, पण त्याच्या प्रश्नाला उत्तर सुचेना. त्या दिवसांत मी रात्री झोपण्याआधी फोनवर एका जुन्या लाकडी बोटीच्या दुरुस्तीचे व्हिडिओ बघत होते. प्रश्न तोच होता, फक्त घराच्या जागी बोट होती.

ती बोट 1910 साली इंग्लंडमधल्या शोरहॅम गावात बांधली गेली. आराखडा अल्बर्ट स्ट्रेंज यांचा. हे गृहस्थ पेशानं चित्रकार, एका कलाशाळेचे प्रमुख. बोटीचं पहिलं नाव 'बेटी'. पुढे मालक बदलले तशी नावंही बदलली. 1927 साली ती लॉर्ड स्टॉलब्रिज यांच्याकडे होती आणि तिचं नाव होतं 'टॅली हो'. त्या वर्षी फास्टनेटच्या शर्यतीत पंधरा बोटी उतरल्या. आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या एका खडकाला वळसा घालून परत यायचं होतं, पण वादळ असं झालं की शर्यत फक्त दोनच बोटींनी पुरी केली. 'ला गोलेटा' आधी पोचली. ती मोठी होती, म्हणून बोटींच्या आकाराप्रमाणे वेळेचा हिशोब केल्यावर टॅली हो विजयी ठरली.

विजेत्या बोटीचं पुढे काय झालं? 1960च्या दशकात ती पॅसिफिकमध्ये कुक बेटांजवळच्या प्रवाळावर आदळली. तिथून वाचली, मग मासेमारीला लागली. शेवटी अमेरिकेत ओरेगॉनमधल्या ब्रूकिंग्जच्या बंदरात ती कित्येक वर्षं बेवारस कुजत पडली. तोडून टाकायची वेळ आली तेव्हा स्ट्रेंज यांच्या चाहत्यांच्या संस्थेनं तिची जबाबदारी घेतली. 2017 साली लिओ गूल्डन नावाच्या तरुण इंग्लिश बोटबांधणाऱ्यानं ती नाममात्र किमतीला विकत घेतली आणि वॉशिंग्टन राज्यात नेऊन कामाला सुरुवात केली. अनोळखी लोक येऊन फुकट राबले, प्रेक्षकांनी पैसे पाठवले. एप्रिल 2024मध्ये टॅली हो पुन्हा पाण्यात उतरली.

तोवर तिच्यातलं जुनं लाकूड फारच थोडं उरलं होतं. तळाचा कणा नवा, फासळ्या नव्या, फळ्या नव्या, डेक नवा. म्हणजे दादाचाच प्रश्न: ही टॅली हो कशी?

हे कोडं जुनंच आहे. प्लुटार्कनं थिसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली. 1655मध्ये हॉब्जनं तिला आणखी एक पीळ दिला: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचंच दुसरं जहाज जोडलं, तर खरं कुठलं?

मला उत्तराचा धागा कामाच्या पद्धतीत सापडला. गूल्डननं बोट एका दमात उसकटली नाही. बाहेरच्या जुन्या फळ्या आकार धरून होत्या, तोवर आतल्या फासळ्या बदलल्या. नव्या फासळ्या भार पेलू लागल्यावर मग फळ्या निघाल्या. कुजक्या लाकडानं जाता जाता नव्याला आपलं वळण दिलं. बोट म्हणजे तेच लाकूड असं धरलं तर ती संपली. पण बोट म्हणजे वळण, आणि ते हातोहात पुढे देणं, असं धरलं तर ती एक दिवसही तुटली नाही. दादाला हेच लिहावं असं मी ठरवलं.

आणि तिथेच अडकले. कारण खालचा प्रश्न मालकीचा होता. टॅली हो कुणाची? ज्याची पावती त्याची, की ज्यानं फासळ्या बसवल्या त्याची? जॉन लॉक म्हणाला होता, वस्तूत श्रम मिसळले की ती आपली होते. ऐकायला बरं वाटतं, पण याच तर्कानं अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी गेल्या: "तुम्ही ती नीट कसत नाही, मग ती तुमची कशी?" आपल्याकडे तोच विचार उलट्या बाजूनं आला. 'कसेल त्याची जमीन' म्हणत कुळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957पासून कुळं मालक होऊ लागली. आमच्या घरात कुळकायद्याचं नाव निघालं की म्हाताऱ्यांच्या कपाळाला अजून आठ्या पडतात. मला मात्र तो कायदा कायम न्याय्य वाटत आलाय. म्हणजे राबणाऱ्याचा हक्क मानायचा, पण राबणारा बळकट आणि आधीचा माणूस दुबळा असेल, तर आधी थांबून विचारायचं.

मग आमचं घर कोण कसतं? ना दादा, ना मी. काकू कसते. दर वर्षी पावसाआधी कौलं परतून घेते, घरपट्टी भरते, पडवी सारवते. अकरा नावांपैकी तिचं एक. दादाच्या मेसेजवर तिनं काहीच लिहिलं नव्हतं, आणि तिला विचारायचं मलाही सुचलं नव्हतं. मी आपली आजोबांच्या आठवणी जपत बसले होते. हॉब्जच्या गोष्टीतला जुन्या फळ्या गोळा करणारा माणूस मीच होते.

शेवटी तिला फोन केला. "काकू, तुला काय वाटतं?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आढं नवं घाला गो. पण माजघरातला पश्चिमेकडचा खांब काढू नका एवढ्यात. त्याच्यावर सगळं पेललंय. बाकीचं बसलं की मग तो बदलू."

तिनं टॅली होचा एकही व्हिडिओ बघितलेला नाही.

मी तिचं वाक्य जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं, आणि खाली माझ्या वाट्याचे पैसे किती ते लिहिलं. अजून चारच अंगठे आलेत. दादाचा आलेला नाही.