एकटीचं भाडं

सकाळी साडेसहाला आम्ही पाच जणी इंदूरच्या लालबागेत फिरायला जातो. मोठमोठी झाडं, एका बाजूला खान नदी, मधोमध होळकरांचा राजवाडा. दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात, १८८६ साली, त्याचं बांधकाम सुरू झालं आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात १९२१ मध्ये ते पुरं झालं. लोखंडी फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकासारखं. इंग्लंडात ओतवलं, जहाजाने मुंबईला उतरवलं आणि मग इथे आणलं.

एकदा त्या फाटकापाशी दम खायला थांबलो असताना आमच्यातल्या एक वहिनी म्हणाल्या, "ताई, एवढं लोखंड समुद्रातून आलं बघा. आणि मी साठी ओलांडली तरी जहाज आतून कसं असतं ते बघितलं नाही."

वहिनी शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर दोघांनी मुंबईहून गोव्याला जहाजाने जायचं ठरवलं होतं. पण चार वर्षांपूर्वी भाऊ गेले आणि तो बेत तसाच राहिला. आता त्यांनी मनाशी ठरवलं, एकटीने जायचं. पैसे स्वतःच्या पेन्शनचे. पुण्याहून मुलाने फोनवर भाडं बघून सांगितलं. आकडा परवडण्यासारखा होता. पण 'प्रवासी एक' असं भरल्याबरोबर आकडा जवळजवळ दुप्पट झाला! मुलगा म्हणाला, "आई, खोली दोघांची असते. एकटीने घेतली तरी दोघांचेच पैसे." सूनबाई शेजारूनच म्हणाली, "एवढ्या पैशांत तर आपण सगळे जाऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी फेरी मारताना वहिनींनी मला विचारलेला प्रश्न गेलं वर्षभर माझ्या डोक्यात आहे. "ताई, मी एकच ताट जेवणार, एकाच गादीवर झोपणार. मग दुसऱ्याचे पैसे कुणाचे भरायचे? जो माणूस गेला त्याचे?"

आधी व्यवहार समजून घेऊ, कारण व्यवहार कळला नाही की राग भलत्यावर निघतो. जहाजाच्या जाहिरातीत जे भाडं असतं ते 'एका खोलीत दोघं' असं धरून माणशी काढलेलं असतं. समजा माणशी तीस हजार, तर जहाजवाल्याच्या हिशेबात त्या खोलीचे साठ येतात. एकटी आली तर उरलेल्या तीसचं काय, हा त्याचा प्रश्न. कधी तो त्यातले थोडे मागतो, कधी सगळे. कर आणि बंदराचे पैसे मात्र बहुधा माणशीच लागतात, म्हणून बेरीज अगदी दुप्पट होत नाही, थोडी अलीकडे थांबते. शिवाय प्रवासी जहाजावर जेवण-खाण, दुकानं, खेळ यांवरही कमावतो, आणि एकटी बाई दोघांइतकं कुठे खर्चणार?

जहाजाच्या धंद्यातली एक गंमत मला फार लागली. तिथे खोलीला दोन माणसं म्हणजे शंभर टक्के. काही खोल्यांत मुलाबाळांसाठी तिसरी-चौथी गादी असते, म्हणून जहाज शंभर टक्क्यांच्याही वर भरतं. या हिशेबाने वहिनी सामानसुमान घेऊन, दार लावून आत बसल्या असल्या तरी त्यांची खोली अर्धी रिकामीच!

कोविडनंतर जहाजं पुन्हा भरून जाऊ लागली, आणि जहाज भरतच असेल तर एकट्या माणसाला कोण सवलत देणार? २०१० साली 'नॉर्वेजियन एपिक' या जहाजावर खास एकट्या प्रवाशांसाठी १२८ छोट्या खोल्या केल्या होत्या. मग इतरांनीही थोड्याफार केल्या. पण अशा खोल्या कमी आणि मागणारे जास्त, त्यामुळे त्याही काही स्वस्त राहिल्या नाहीत. आपल्याकडे ३० सप्टेंबर २०२४ ला मुंबई बंदरातून सरकारचं 'क्रूझ भारत मिशन' सुरू झालं. जहाजं वाढतील तशा एकट्यांच्या खोल्याही निघतील, अशी आशा करू.

म्हणजे जहाजवाला काही वहिनींना शिक्षा करत नव्हता. त्याने खोली विकायला काढली होती, माणूस मोजलाच नव्हता. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग तुम्ही चला ना सोबत. दोघींचं निम्मं-निम्मं होईल."

आता माझी गोष्ट सांगते. ही मला लपवता आली असती.

मी म्हटलं, "अहो वहिनी, माझं दिग्व्रत आहे."

दिग्व्रत म्हणजे दाही दिशांना आपण किती जायचं याची स्वतः घातलेली हद्द. नदी, डोंगर, समुद्र, देश अशी ओळखीची खूण धरायची आणि त्यापलीकडे जायचं नाही; म्हणजे त्यापलीकडचा लोभ आणि आरंभ आपोआप सुटतो. माझं व्रत खरंच आहे, पंधरा वर्षांपूर्वी माताजींसमोर घेतलेलं. पण हद्द आहे भारताची. मुंबई-गोवा त्या हद्दीच्या आतच येतं! वहिनी स्वाध्यायाला माझ्या शेजारी बसतात, त्यांना हे ठाऊक नसेल असं कसं होईल? त्या काही बोलल्या नाहीत. "बरं" म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

खरं कारण असं, की 'मला चार दिवस मैत्रिणीबरोबर समुद्रावर जायचंय' हे वाक्य मी आयुष्यात घरात कधी उच्चारलं नव्हतं. तीर्थाला जाते म्हटलं की सगळे पिशवी उचलून देतात. मौजेला जाते म्हणायला जीभ रेटत नाही. ती अडचण झाकायला मी व्रत पुढे केलं. त्या दिवशी प्रतिक्रमण करताना 'खोटं बोलले असेन तर' या ठिकाणी मी अडखळले. 'असेन तर' कशाला? बोललेच होते.

त्या रात्री आणखी एक आठवलं. भाऊ गेल्याच्या दुसऱ्या वर्षी वहिनी एका तीर्थावर गेल्या होत्या. आपल्याच समाजाची धर्मशाळा. संध्याकाळ झालेली, चौविहाराची वेळ टळत आलेली. कारकुनाने विचारलं, "सोबत कोण?" या म्हणाल्या, "कुणी नाही." तो म्हणाला, "एकट्याला खोली देत नाही, नियम आहे." कुणी एकटं माणूस खोलीत जिवाचं बरंवाईट करून घेईल, ही भीती त्या नियमामागे असते, ती अगदीच खोटी नाही. पण पांढऱ्या केसांची श्राविका, हातात पूजेच्या सामग्रीची पिशवी, तिला दोन तास बाकावर बसवलं. शेवटी एका कुटुंबाने "आमच्यात झोपा" म्हटलं, तेव्हा गादी मिळाली.

म्हणजे बघा, जहाजवाल्याने दुप्पट पैसे मागितले, पण खोली देतो म्हणाला. आपण तर दुप्पट पैशांनीही दिली नाही. काशीपासून सोमनाथपर्यंत घाट आणि धर्मशाळा बांधणाऱ्या अहिल्यादेवींच्या गावात राहून आम्ही धर्मशाळेचा अर्थ असा केला.

एकट्या बाईने समुद्रावर जायचं म्हटलं की विचारणा होतेच, आणि ती आजची नाही. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा नुकत्याच अठरा वर्षांच्या झाल्या होत्या. नवरा बरोबर नव्हता, ओळखीच्या बायकांची सोबत होती. निघण्याआधी 'मी का जाते' हे त्यांना श्रीरामपूरला भर सभेत सांगावं लागलं. पुरुषांचीही सुटका नव्हती. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं निमंत्रण आचार्य आत्मारामजींना आलं. मुनींना जहाजात बसता येत नाही, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधींना पाठवलं, तेव्हा समाजातल्या काही लोकांनी समुद्र ओलांडण्यालाच हरकत घेतली. पण ही माणसं शिकायला आणि धर्म सांगायला गेली होती. त्यांच्यापाशी द्यायला मोठं कारण होतं. वहिनींपाशी कारण एवढंच, की बघावंसं वाटतं. एवढ्याशा कारणासाठी जायची मुभा एकट्या बाईला आहे का, हा मला खरा प्रश्न वाटतो.

कुणी म्हणेल, आपला धर्म तर परिग्रह कमी करायला सांगतो. जहाजावर मद्य, जुगार, रात्रीची जेवणं, आणि इंधन जळतं ते वेगळंच. हे आक्षेप मला मान्य आहेत, ज्याला ते पटतात त्याने जाऊ नये. पण हेच आक्षेप लग्नाच्या वरातीला, मुलांच्या परदेश सहलीला आपण घेतो का? एकट्या बाईच्या चार दिवसांपाशीच आपल्याला अपरिग्रह का आठवतो? "तुला एकटीला कशाला एवढं?" हे वाक्य मी विधवांना, कुमारिकांना, सोडून दिलेल्यांना उद्देशून इतक्या वेळा ऐकलंय, की त्यात धर्म किती आणि कंजुषी किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

आपल्या शास्त्रात अकाम निर्जरा म्हणून एक गोष्ट सांगितली आहे. नाइलाजाने सोसलं, त्यानेही थोडी कर्मं झडतात, पण त्याला तप म्हणत नाहीत. तुरुंगातल्या कैद्याला उपास घडला म्हणून कुणी वाजतगाजत त्याचं पारणं करवत नाही. त्याग करायचा तर वस्तू आधी आपल्या आवाक्यात हवी. जिला कुणी जाऊच दिलं नाही, तिने प्रवास सोडला असं कसं म्हणावं? आणि उलट, ज्या भाड्याला 'नाही' म्हणायची आपल्याला सोय आहे, तेच भाडं नाकारण्यात काही अर्थ असतो.

हे मी वहिनींना सांगितलं, आणि आधी व्रताच्या आड लपल्याबद्दल क्षमा मागितली. त्या हसल्या. "मला कळलं होतं हो," म्हणाल्या. मग त्यांनी जे केलं ते मला माझ्या सगळ्या स्वाध्यायापेक्षा शिकवून गेलं.

ज्या वहीत त्या नियम लिहितात, त्याच वहीत त्यांनी लिहिलं: 'यंदा माझ्या प्रवासाला इतके रुपये. त्याच्या वर नाही.' तो आकडा एकाच्या भाड्यापेक्षा जास्त आणि दोघांच्या भाड्यापेक्षा थोडा कमी होता. भाडं बघून त्यांनी आकडा ठरवला नाही; वर्षाचं औषध, दान, नातवंडांचं देणं-घेणं बाजूला काढून जे उरलं त्यावरून ठरवला. मुलाला सांगितलं, "यात बसलं तर काढ, नाही बसलं तर राहू दे. मला विचारत बसू नकोस, आणि तुझे घालूही नकोस."

पहिल्या हंगामात बसलं नाही. खोल्या भरत जातात तसं भाडं चढत जातं, आणि आम्ही लालबागेत चर्चा करण्यात तीन आठवडे घालवले होते. मुलगा म्हणाला, "थांब आई, शेवटच्या आठवड्यात उरलेल्या खोल्या कधीकधी उतरतात." पण इंदूरच्या माणसाला तो जुगार परवडत नाही. अवंतिका एक्सप्रेसचं तिकीटही आधी काढावं लागतं, आणि ऐनवेळी रद्द केलं तर पैसे जातात. अनोळखी बाईबरोबर खोली वाटून घ्यायचंही सुचवून झालं. त्या म्हणाल्या, "मी पहाटे चारला उठून सामायिकाला बसते. तिची झोप कशाला मोडू?" त्यांनी वही मिटली. मी निरखून बघत होते, चेहऱ्यावर चडफड नव्हती. सुनेने अडवलं असतं तर ती दिसली असती.

पावसाळ्यात मुंबई-गोव्याच्या जहाजसहली बंद असतात. त्यांचाही चातुर्मासच म्हणायचा. पुढच्या हंगामाची तारीख निघाल्या दिवशीच मुलाने खिडकी नसलेली आतली खोली, मधल्या वारांची, एकटीच्या नावाने घेतली. वहीतल्या आकड्यात बसली, वर थोडे उरले.

मी गेले का? नाही. मी घरी ते वाक्य बोलून बघितलं. हे वर्तमानपत्रातून मान वर करून म्हणाले, "मग जा की." आता जायला कुणी अडवत नव्हतं, तेव्हा कळलं की मला समुद्राची मनापासून भीती वाटते. हे कळायला मला त्रेसष्ट वर्षं लागली.

वहिनी जाऊन आल्या. जैन जेवण मिळालं, सूर्यास्ताच्या आत वाढलं. पहाटे त्या डेकवर बसल्या. मी विचारलं, "एकटं वाटलं का?" म्हणाल्या, "बारा भावनांतली एकत्व भावना इतकी वर्षं म्हणते, जीव एकटा येतो, एकटा जातो. तिथे पहिल्यांदा ती म्हणताना रडू आलं नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण गोवा दिसलं तेव्हा दाखवायला कुणी हवं होतं. तेही खरंच."

संघाचं मोल मी कमी करत नाही. आपल्या आर्यिकाही एकट्या विहार करत नाहीत. पण सोबत असावी हे वेगळं, आणि सोबत नाही म्हणून बाकावर बसवून ठेवावं हे वेगळं.

वहिनींचे जे पैसे उरले होते, त्यांत त्यांनी थोडी भर घातली आणि आमच्या समाजाच्या धर्मशाळेसाठी अर्ज लिहिला. एकट्या बायकांसाठी दोन खोल्या राखून ठेवाव्या, आधार कार्ड आणि घरचा फोन नंबर घ्यावा, रात्री एकदा विचारपूस करावी, आणि भाडं एका माणसाचंच लावावं. दोन गाद्या आणि चादरी त्या स्वतः देणार आहेत. अर्जावर पाचही जणींच्या सह्या आहेत. कमिटीची बैठक दशलक्षण पर्वानंतर आहे.