झपाटलेले कोण?

काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात आमच्या कळसाडीच्या तरुण पोरांनी मंडपाशेजारी पांढरा पडदा ताणून ‘झपाटलेला २’ हा चित्रपट गावाला दाखवला. पडद्यापुढे चटया, चटयांवर बायकापोरे, त्यांच्या मागे खाटा, आणि खाटांच्याही मागे, ‘आम्ही सहज आलो होतो’ असा चेहरा करून उभी असलेली वडीलधारी मंडळी, असा सगळा थाट होता. खेळ संपला तेव्हा बारा वाजून गेले होते. तरी कोणी उठेना. भुताचा चित्रपट पाहून अंधारातून एकट्याने घर गाठायला कोण राजी होणार? तेव्हा सगळे तिथेच बसले आणि मते देऊ लागले. आज मला त्या चित्रपटापेक्षा ती मतेच अधिक स्पष्ट आठवतात.

सातवीतला एक विद्यार्थी म्हणाला, “मला बिलकूल भीती वाटली नाही, गुरुजी.” हे सांगताना त्याने माझ्या सदऱ्याची कड घट्ट धरून ठेवली होती. नाशकाला राहून आलेला एक तरुण म्हणाला, “हा चष्मा लावून बघायचा सिनेमा आहे. तिथं तो बाहुला अंगावर येतो. इथं काय मजा?” शेजारच्या काकूंचे मत व्यवहाराचे होते : “असलं पोरांना दाखवूच नये. रात्री अंथरूण ओलं करतात, अन् निस्तरायचं आम्ही.” जिभाऊंनी निकाल दिला, “पहिल्याची सर नाही. त्यात लक्ष्या होता.” यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी एक म्हातारे बाबा काठी टेकत उठले आणि जाता जाता म्हणाले, “हे सगळं खरंच असतं. सिनेमात बाहुला असतो, गावात बाई असते. एवढाच फरक.”

मंडळी हसली. मला मात्र हसू आले नाही.

ज्यांना हे चित्रपट माहीत नाहीत, असे घर महाराष्ट्रात क्वचितच असेल. तरीही थोडक्यात सांगतो. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली आला. तात्या विंचू हा गुंड मरताना मंत्राच्या बळावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो, आणि पुढे लक्ष्याच्या देहात शिरू पाहतो. त्याच्या पाच वर्षे आधी, १९८८ मध्ये, अमेरिकेत ‘चाइल्ड्स प्ले’ हा चित्रपट निघाला होता. त्यातही खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो. पण आपल्याकडे आल्यावर त्या कल्पनेला मराठी गाव मिळाले, लक्ष्मीकांत बेर्डे मिळाले, दिलीप प्रभावळकरांचा तो विचित्र आवाज मिळाला, आणि भूत परके राहिले नाही. दुसरा भाग वीस वर्षांनी, जून २०१३ मध्ये आला. बेर्डे २००४ सालीच गेले होते. त्यामुळे आता बाहुला लक्ष्याच्या मुलाच्या मागे लागतो.

‘पहिल्याची सर नाही’ हे मत काही कळसाडीपुरते नाही. मुलीच्या अंगात सैतान शिरल्याची कथा सांगणाऱ्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ने १९७३ साली साऱ्या जगाला घाबरवले. १९७७ साली त्याचा दुसरा भाग आला तेव्हा प्रेक्षक भलत्या ठिकाणी हसू लागले, आणि दिग्दर्शकाला चित्रपट पुन्हा कापून जोडावा लागला. याचे कारण मला असे वाटते : पहिल्या वेळी भूत कोठून येईल हे आपल्याला ठाऊक नसते, दुसऱ्या वेळी आपण त्याची वाटच पाहत असतो. शिवाय पहिला चित्रपट आपण पाहिला तेव्हा आपण लहान होतो. दुसऱ्या भागात आपण भूत शोधत नाही, आपले बालपण शोधतो. ते सापडले नाही की दोष दिग्दर्शकाला देतो.

माझेही बालपण त्या पहिल्या भागाशी बांधलेले आहे, परंतु ते आठवून मला आनंद होत नाही.

मी बारा-तेरा वर्षांचा असताना आजोळच्या जत्रेत, तंबूतल्या पडद्यावर ‘झपाटलेला’ पाहिला. त्यानंतर महिनाभर आम्हा पोरांना दुसरा खेळ नव्हता. एकाने तात्या विंचू व्हायचे, बाकीच्यांनी पळायचे. आळीच्या टोकाला एक विधवा म्हातारी एकटी राहत असे. तिच्या एका डोळ्यात फूल पडले होते. एके दिवशी कोणाच्या तरी डोक्यात आले, की हिच्याही अंगात काहीतरी शिरले असणार. झाले! तिच्या दारावरून जाताना आम्ही मंत्र पुटपुटून धूम ठोकू लागलो. ती रागावली की आम्हाला अधिकच खात्री पटे. तिने एकदा आमच्यातल्या एकाला दारात बोलावून गुळाचा खडा दिला. तो त्याने खाल्ला.

दोन दिवसांनी त्या मुलाला ताप भरला. ताप उतरेना, तेव्हा मोठ्या माणसांत कुजबुज सुरू झाली. मग एका संध्याकाळी मला बोलावून विचारले, “तिने त्याला काही दिले काय? तू पाहिलेस काय?” मी गूळ पाहिला होता. ‘गूळ दिला’ एवढेच मी सांगायला हवे होते. पण सगळे माझ्याकडे पाहत होते; आयुष्यात प्रथमच मोठी माणसे माझे बोलणे कान देऊन ऐकत होती. मी म्हणालो, “दिला, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटली.”

मुलगा आठवड्याने बरा झाला. दवाखान्यातल्या औषधाने झाला. म्हातारीला कोणी हात लावला नाही, हे सांगितले पाहिजे. फक्त तिच्या हातचे पाणी बंद झाले. दळण घेऊन ती गेली की बायका आपापली मुले पदराआड घेत. पावसाळ्याच्या तोंडी ती आपल्या मुलीकडे निघून गेली, आणि पुन्हा आली नाही. आम्ही दुसरा खेळ शोधला.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात हा विषय पुस्तकातला नाही. सातपुड्याच्या पाड्यांत एखाद्या बाईला डाकीण ठरवल्यावर तिला मारहाण झाली, गाव सोडावे लागले, प्रसंगी जीव गेला, अशा घटना घडलेल्या आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते या प्रथेविरुद्ध इथे येऊन काम करीत आले आहेत. परंतु हा दोष डोंगरातल्या अडाणी माणसांचा, असे म्हणून सपाटीवरच्या आपण सुटू नये. १६९२ साली अमेरिकेतल्या सेलम गावी काही मुलींनी ‘आम्हाला अमक्या बाया पछाडतात’ असे सांगितले. त्यावर न्यायालय बसले, शिकलेल्या न्यायाधीशांनी साक्षी नोंदवल्या, आणि एकोणीस माणसे फासावर गेली. तिथेही साक्षीदार मुलेच होती. त्यांचे बोलणे मोठ्यांनी कान देऊन ऐकले होते.

मग काकू म्हणतात त्याप्रमाणे असले चित्रपट दाखवूच नयेत काय? मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, तेव्हा या प्रश्नात माझा स्वार्थ आहे हे कबूल करून उत्तर देतो. सेलमला चित्रपट नव्हता. सातपुड्यात डाकीण हा शब्द चित्रपटाच्या फार आधीपासून आहे. पडद्यावरचे भूत सगळ्यांना एकदम दिसते, ठरलेल्या वेळी येते आणि शेवटी मरते. त्याला पाहून आपण हसतो, आणि हसताना भीती थोडी हलकी होते. गावातले भूत एकाला दिसते आणि बाकीचे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतात. ते अडीच तासांत संपत नाही. तेव्हा खोड चित्रपटात नाही. चित्रपट संपल्यावर पोरांशी कोणी बोलत नाही, तिथे खोड आहे. आमच्या तंबूबाहेर कोणी वडीलधारा ‘तो बाहुला कसा बोलतो, ठाऊक आहे काय?’ असे विचारायला भेटला असता, तर कदाचित मी ते वाक्य बोललो नसतो.

‘कदाचित’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण ते वाक्य मी भीतीपोटी बोललो नव्हतो. मोठ्यांना जे ऐकायचे होते ते मला कळले होते, म्हणून बोललो.

त्या म्हाताऱ्या बाबांकडे मी पुढे एकदा जाऊन बसलो. त्यांचा नातू साप चावून गेला होता. आधी भगताकडे नेले. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला. ‘साप चावला, उशीर झाला’ असे म्हटले तर दोष घराकडे येतो. ‘कोणीतरी केले’ असे म्हटले की तो दुसऱ्याच्या दारी जातो. त्यांच्यावर रागवावे असे मला वाटले नाही. परंतु ज्या दारी तो दोष जाऊन पडतो, त्या दारात सहसा एकटी बाई असते, हेही विसरता येईना.

दुसरा भाग पडद्यावर आला त्याच वर्षी, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. कित्येक वर्षे अडून राहिलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेशाच्या रूपाने आला, आणि डिसेंबरात विधिमंडळाने तो संमत केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, कोणाला करणी करणारा ठरवून त्याचे जगणे कठीण करणे, साप-विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून अडवणे, हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. कायदा हवाच होता. पण मारणारा हात कायद्याला धरता येतो. बारा वर्षांच्या पोराचे एक खोटे वाक्य आणि त्यानंतर बंद झालेले पाणी त्याला कसे धरता येणार? ते काम ज्याचे त्यानेच करायचे असते.

सेलमचे एक न्यायाधीश, सॅम्युएल स्यूअल, पाच वर्षांनी प्रार्थनामंदिरात भर सभेत उभे राहिले. त्यांचा कबुलीजबाब वाचला गेला, आणि त्यांनी दोष स्वतःकडे घेतला. मला ते धैर्य वेळेवर झाले नाही. मी नोकरीला लागल्यावर चौकशी केली, तेव्हा म्हातारी वारली असल्याचे समजले. तिच्या मुलीचे गाव मला ठाऊक आहे. अजून मी तिथे गेलेलो नाही.

वर्गात मात्र एक गोष्ट दर वर्षी करतो. पायमोज्याचा बाहुला हातात घालून ओठ मिटल्यासारखे ठेवतो आणि त्याला बोलते करतो. मला ती कला नीटशी येत नाही, मुले हसतात. मग त्यांना सांगतो, की तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांनी घडवला. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांच्या अर्धवटरावांनी साऱ्या महाराष्ट्राला हसवले. या विद्येला शब्दभ्रम म्हणतात. तोंड एकाचे हलते, शब्द दुसऱ्याचे असतात. मग विचारतो, “एखाद्या बाईचे नाव घेऊन गाव बोलू लागले, तर त्या तोंडामागे कोण बोलत असते?” मुले आधी गप्प राहतात. मग हळूहळू उत्तरे येतात : बांधाचे भांडण, म्हातारीची जमीन, कोणाचा तरी मेलेला मुलगा. गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “आणि गुरुजी, कोणीतरी खोटं सांगितलेलं असतं.”

मी बाहुला हातातून काढला आणि तिला म्हणालो, “हो. असते.”

यंदाची दिवाळी आटोपली की मी त्या मुलीच्या गावी जाणार आहे. काय बोलायचे ते अजून ठरलेले नाही. पण ‘गूळ दिला, एवढेच तिने केले होते’ हे वाक्य तरी तीस वर्षे उशिरा का होईना, तिच्या दारात बोलून यायचे आहे.