बेब रूथ आज खेळत असता तर

अमेरिकेतील बेसबॉल हा खेळ आपल्या आकडेवारीवर जितका जगतो, तितके दुसरे खेळ क्वचितच जगत असतील. १९२७ च्या हंगामात बेब रूथने मारलेले ६० होम रन आणि हँक एरनने १९७६ मध्ये निवृत्त होईपर्यंत जमवलेले ७५५ होम रन हे आकडे तेथील कित्येक पिढ्यांना तोंडपाठ आहेत. होम रन म्हणजे फलंदाजाने चेंडू बहुधा कुंपणापलीकडे टोलवून, चारही टप्पे एका दमात फिरून मिळवलेली धाव. त्यामुळे १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरने ७० आणि सॅमी सोसाने ६६, तर २००१ मध्ये बॅरी बाँड्सने ७३ होम रन मारले आणि ऑगस्ट २००७ मध्ये बाँड्स एरनच्याही पुढे गेला, तेव्हा दुखावली गेली ती या खेळाची स्मृती. या नव्या विक्रमांमागे अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडचा, म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या धर्तीवर बनवलेल्या आणि स्नायूंची वाढ व श्रमानंतरची झीज भरून येणे या दोन्हींना वेग देणाऱ्या रसायनांचा हात असल्याचा संशय बळावत गेला आणि आजच्या खेळाडूंना दोषी ठरवण्यासाठी कालचे खेळाडू साक्षीला बोलावले जाऊ लागले. रूथ, एरन किंवा विली मेज आज खेळत असते, तर त्यांनी ही औषधे घेतली असती काय, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. आणि गेल्या दोन-तीन दशकांत त्याचे उत्तर जितके बदलले, त्याहून अधिक त्या प्रश्नाचा अर्थच बदलत गेला.

आरंभी हा प्रश्न चारित्र्याचा मानला गेला आणि त्याचे उत्तर प्रश्नातच गृहीत धरलेले होते. कूपर्सटाउन येथील हॉल ऑफ फेम, म्हणजे या खेळातील थोरांचे सन्मानदालन, निवड करणाऱ्या क्रीडापत्रकारांना खेळाडूच्या कौशल्याबरोबरच त्याचा प्रामाणिकपणा, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्यही विचारात घ्यायला सांगते, आणि निवडीसाठी ७५ टक्के मतांची अट घालते. या निकषाचा आधार घेऊन बाँड्स आणि याच संशयाच्या छायेतला गोलंदाज रॉजर क्लेमेन्स यांना सलग दहा वर्षे बाहेर ठेवण्यात आले. क्रीडापत्रकारांच्या मतदानातील २०२२ च्या त्यांच्या अखेरच्या संधीतही त्यांची मते ६६ टक्क्यांच्या वर गेली नाहीत. या भूमिकेमागची धारणा अशी, की जुनी पिढी मोहाला बळी पडली नाही म्हणून ती निर्मळ, आणि नवी पिढी पडली म्हणून ती भ्रष्ट. ज्या आयुक्ताच्या कारकिर्दीत हे सारे फोफावले, त्या बड सेलिग यांना मात्र २०१७ मध्ये याच दालनात सन्मानाने स्थान मिळाले. चारित्र्याचा निकष खेळाडूला जितक्या कसोशीने लावला जातो, तितक्या कसोशीने तो प्रशासकाला लावला जात नाही, एवढे तरी यावरून दिसते.

या धारणेला पहिला तडा तत्त्वज्ञानाने नव्हे, तर साध्या इतिहासाने दिला. १८८९ मध्ये पॅरिसमधील वृद्ध शरीरशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार्ड यांनी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेऊन तारुण्य परतल्याचा दावा केला, आणि त्याच वर्षी जेम्स गॅल्विन या नामांकित गोलंदाजाने तो अर्क टोचून घेतला. आजच्या ज्ञानानुसार त्या अर्कात परिणाम घडवण्याइतके संप्रेरक असणे शक्य नव्हते, पण हेतू स्पष्ट होता, आणि लक्षणीय बाब ही, की त्या वेळच्या एका वृत्तपत्राने त्याची निंदा केली नाही, उलट औषधाचे कौतुक केले. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागे ठेवण्यासाठी वापरलेल्या अ‍ॅम्फेटामाइन या मेंदूला चेतवणाऱ्या गोळ्या खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या खोल्यांत पोहोचल्या. दीर्घ हंगाम, रात्रीचे प्रवास आणि जवळजवळ रोजचा सामना यांत त्या इतक्या रुळल्या, की जिम बाउटन या गोलंदाजाने १९७० मध्ये आपल्या पुस्तकात त्यांचा उघड उल्लेख केला, तेव्हा खेळातील अनेकांना राग आला तो गोळ्या घेणाऱ्यांचा नव्हे, घरातली गोष्ट बाहेर सांगणाऱ्याचा. खुद्द एरनने आपल्या आत्मचरित्रात १९६८ च्या हंगामात अशी एक गोळी घेतल्याचे आणि तिच्या परिणामाने घाबरून गेल्याचे नमूद केले आहे. या गोळ्यांवर बेसबॉलने बंदी घातली ती थेट २००६ मध्ये.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो बिनबुडाचा नाही. अ‍ॅम्फेटामाइन थकलेल्या माणसाला त्याच्या नेहमीच्या पातळीवर आणते, स्टेरॉइड मात्र त्याच्या शरीराची पातळीच बदलते, म्हणून दोन्ही एकाच मापाने मोजणे चूक आहे, असा तो आक्षेप. विक्रमांचे मोल ठरवताना हा भेद निश्चितच महत्त्वाचा आहे, परंतु माणसांविषयी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. कारण जुन्या पिढीने सौम्य द्रव्य निवडून तीव्र द्रव्य नाकारले असे घडलेले नाही, तिच्या हाताशी जे होते ते तिच्यातील अनेकांनी घेतले. ज्यांना हे जवळून ठाऊक होते, त्यांनी ते कबूलही केले. कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र संघांतून खेळलेले बक ओ'नील यांचे म्हणणे असे होते, की त्यांच्या काळातील खेळाडूंनी स्टेरॉइड घेतली नाहीत याचे कारण ती उपलब्ध नव्हती, इतकेच. १९८९ मध्ये निवृत्त झालेल्या आणि ५४८ होम रन नावावर असलेल्या माइक श्मिट यांनी २००५ मध्ये याहून पुढे जाऊन, आपण नव्वदच्या दशकात खेळत असतो तर आपणही ती घेतली असती, असे जाहीरपणे सांगितले. हॉल ऑफ फेममध्ये आधीच बसलेल्या माणसाला असे बोलून मिळवायचे काहीच नव्हते, म्हणून या साक्षीला इतरांच्या छातीठोक नकारांपेक्षा अधिक वजन द्यावे लागते.

श्मिट यांनी साध्या शब्दांत मांडलेल्या या विचाराला तत्त्वज्ञानात आधीच एक नाव मिळालेले होते. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी नैतिक दैव ही संकल्पना चर्चेत आणली. माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टींवरही त्याचे नैतिक मूल्यमापन अवलंबून असते, ही तिच्यातील मूळ अडचण. आणि नेगल यांनी सांगितलेल्या तिच्या प्रकारांपैकी एक परिस्थितीचे दैव हा आहे. ज्याच्यापुढे कसोटीचा प्रसंग कधी आलाच नाही, तो निर्दोष राहतो खरा, पण ते त्याचे कर्तृत्व म्हणता येत नाही. रूथ १९३५ मध्ये निवृत्त झाला आणि त्याच वर्षी टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत प्रथम तयार करण्यात आले, हा योगायोग या संकल्पनेचे चपखल उदाहरण ठरावा. तथापि हा युक्तिवाद शेवटपर्यंत ताणला, तर दोषाबरोबर गौरवही निसटतो, कारण रूथचे मनगट आणि नजर हीसुद्धा त्याने कमावलेली नव्हती.

शिवाय रूथ आज खेळत असता, या वाक्यातील रूथ नेमका कोण, हेही ठरवावे लागते. दारूबंदीच्या काळातही ज्याच्या मद्यपानाच्या कथा सर्वांना ठाऊक होत्या, वजन उचलून कमावलेले स्नायू फलंदाजाला आखडून टाकतात असे मानणाऱ्या प्रशिक्षकांच्या काळात जो वाढला, आणि १९४७ पूर्वीच्या वर्णभेदामुळे मुख्य स्पर्धांमध्ये कृष्णवर्णीय गोलंदाजांना ज्याला कधी तोंडच द्यावे लागले नाही, तो रूथ जसाच्या तसा आज आणला, तर त्याला औषधाआधी व्यायामशाळाच अपरिचित वाटेल. आणि आजच्या आहारावर, आजच्या प्रशिक्षकांच्या हाताखाली, आजच्या करारांच्या दडपणात वाढवला, तर त्याच्यात रूथचे म्हणावे असे नावापलीकडे काय उरते, हे सांगणे कठीण आहे. एका व्यक्तीविषयी या प्रश्नाला खात्रीचे उत्तर नाही ते या कारणाने. समूहाविषयी मात्र अंदाज बांधता येतो, आणि विचाराचा पुढचा टप्पा त्यामुळेच व्यक्तीकडून व्यवस्थेकडे वळला.

या वळणाची गुरुकिल्ली बेसबॉलबाहेर, आइस हॉकीत सापडते. १९६९ मध्ये टेडी ग्रीन या खेळाडूच्या डोक्याला गंभीर दुखापत झाल्यावरही त्याचे सहकारी शिरस्त्राण घालायला तयार नव्हते, आणि अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७३ च्या एका निबंधात या विसंगतीची उकल केली. एकट्याने शिरस्त्राण घातले तर नजरेचा आवाका थोडा घटतो आणि प्रतिस्पर्ध्याला लाभ होतो, म्हणून कोणीच ते घालत नाही. पण तेच सर्वांवर सक्तीने लादले तर कोणाचेच नुकसान होत नाही, म्हणून वैयक्तिक पातळीवर जे नाकारले जाते त्याला गुप्त मतदानात पाठिंबा मिळू शकतो. नव्वदच्या दशकातील बेसबॉल या सूत्रात नेमका बसतो. आयुक्त फे व्हिन्सेंट यांनी १९९१ मध्ये स्टेरॉइड निषिद्ध असल्याचे पत्रक काढले खरे, पण चाचणीच नसल्यामुळे ते कागदावरच राहिले. खेळाडूंच्या १९९४ च्या संपानंतर दुरावलेले प्रेक्षक होम रनच्या वर्षावामुळे परतू लागल्यावर मालकांना चौकशीची घाई उरली नाही, आणि खेळाडूंची संघटना खासगीपणाच्या हक्कासाठी चाचणीला विरोध करत राहिली. अशा वेळी औषध न घेणाऱ्याचा प्रामाणिकपणा त्याच्या संघातील जागेवर बेततो, आणि पहिल्या दर्जाच्या संघात पोहोचू न शकलेल्या अशा खेळाडूंची नावे कोणत्याही नोंदीत राहत नाहीत. या औषधांच्या वापराची चौकशी करणाऱ्या डिसेंबर २००७ च्या मिचेल अहवालात ८९ खेळाडूंची नावे आली. नकार देऊन जे मागे पडले, त्यांची यादी करणे हा त्या चौकशीच्या कामाचा भाग नव्हता.

थोर खेळाडूंच्या मनात काय दडले असते, याच्या अनुमानात गुंतलेल्या चर्चेत २००३ च्या वसंतातील एक घटना सहसा सुटून जाते. त्या वर्षी प्रथमच सर्व खेळाडूंची निनावी चाचणी व्हायची होती, आणि पाच टक्क्यांहून अधिक नमुने दोषी निघाले तरच पुढील हंगामापासून शिक्षेसह चाचण्या सुरू होतील, असा करार होता. नमुना देण्यास नकार दिल्यास तो दोषी धरला जाईल, हे लक्षात घेऊन शिकागो व्हाइट सॉक्स संघातील काही खेळाडूंनी आपण औषधे घेत नसतानाही नकार द्यावा, जेणेकरून पाच टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाईल, असा विचार केला. संघटनेने समजूत काढल्यावर त्यांनी तो बेत सोडला आणि नमुने दिले. तरीही त्या हंगामात दोषी नमुन्यांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेले, आणि २००४ पासून शिक्षेसह चाचण्या लागू झाल्या.